खोली नंबर दोनशे चौदा

किनाऱ्यावरच्या स्वस्त हॉटेलात, चहाच्या रांगेत एक म्हातारी पुढच्या बाईशी बोलत होती.

"तूही सुट्टीला आलीस का गं?"

"नाही आजी, इथंच राहते. घरमालकानं काढलं, तेव्हा बेघर म्हणून नगरपालिकेनं तात्पुरतं इथं ठेवलं. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष? हॉटेलात? काय सांगतेस."

"खोलीत स्वयंपाकाची सोय नाही, पण विजेच्या किटलीत अंडी छान उकडतात."

"मग आज एवढ्या पिशव्या कशाला?"

"बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला आमच्या खोल्या सुट्टीवाल्यांना देतात. आम्ही तीन दिवस बाहेर."

"अगं, पण जाणार कुठं?"

"बहिणीच्या सोफ्यावर. तुम्हाला कुठली खोली दिली?"

"दोनशे चौदा."

"समुद्र दिसतो तिथून. फक्त दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्या पुसायला सांगू नका. माझ्या लेकीची उंची आहे ती."