सैकच्या उतारावरचा सडा

नाव: अश्लेषा मुकुंद पाटणकर. वय: ४४ वर्षे. शिक्षण: बी. कॉम. व्यवसाय: अतिथीगृहाची व्यवस्था पाहणे. राहणार: सैक, जबल अख्दर, ओमान. मूळ गाव: चिपळूण.
दिनांक: ४ फेब्रुवारी २०१७.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते ते असे. मला अरबी लिहिता येत नाही. मी मराठीत सांगत आहे आणि दुभाषी कासमभाई ते अरबीत उतरवत आहेत.

परवा संध्याकाळपासून इथे डोंगरावर, सैकमध्ये बर्फ पडला. इथल्या माझ्या नऊ वर्षांत इतका बर्फ मी पाहिला नव्हता. काल सकाळी तो नडगीपर्यंत होता. नळ गोठले होते. गावात बर्फ ओढायची फावडी नाहीत. लोकांनी घमेली आणि टाक्यांची झाकणे वापरून वाट काढली, बकऱ्या गॅरेजमध्ये घेतल्या आणि डाळिंबाच्या बागांतली खडीमिश्रित माती पोत्यांतून आणून उतारावर पसरली, म्हणजे चाके घसरू नयेत. अतिथीगृहासमोरच्या उतारावरची माती आमचे मालक हमद यांनी स्वतः टाकली. त्यांचे वय सत्तरच्या पुढे आहे.

तक्रारदार धनंजय कारखानीस आणि त्यांच्या पत्नी प्रेमा हे मस्कतमधल्या अल् घुब्र्याहून बर्फ बघायला आले होते. माबेल्याला राहणाऱ्या मेव्हण्याला दाखवायला बर्फ न्यायचा म्हणून त्यांनी थर्माकोलची पेटीही आणली होती.

नळ बंद असल्याने मी गॅसवर पाणी तापवून प्रत्येक खोलीला एक बादली दिली. काल रथसप्तमी होती. प्रेमाबाईंनी दारासमोरची माती झाडून कडेला लोटली आणि बादलीतल्या पाण्याने सडा घातला. सडा उंबऱ्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला. मग पायरीवर सूर्याची रांगोळी काढली आणि छोट्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिले.

त्या सडा घालू लागल्या तेव्हाच मी म्हटले होते, "ताई, माती राहू द्या. ती मुद्दाम टाकलीय. आणि पाणी नका ओतू, इथे गोठतं."

त्या म्हणाल्या, "अहो, गरम पाणी आहे. गरम पाण्याने बर्फ वितळतो, शाळेत नाही शिकलात? आणि सणाच्या दिवशी दारात हा चिखल? तुम्ही इथे राहून अगदी ह्या लोकांसारख्याच झालात."

मी आत गेले. हमद यांना सांगायला हवे, हे माझ्या मनात आले होते. पण ते तेव्हा वरच्या आळीत वाट मोकळी करत होते. मला वर जाऊन सांगता आले असते. मी गेले नाही.

थोड्या वेळाने बाहेर आले तेव्हा सडा घातला होता तेवढ्या भागात काचेसारखा बर्फ झाला होता. त्याच्या खालच्या अंगाला कारखानीस यांनी त्यांची प्राडो गाडी रस्त्यात आडवी लावली होती आणि ते तिला टेकून उभे होते. प्रेमाबाई फोटो काढत होत्या.

तेव्हा वरून यासिरची गॅस सिलिंडरची पिकअप आली. यासिर रत्नागिरीकडचा आहे. घसरू नये म्हणून त्याने मागच्या चाकांना बकऱ्या बांधायची दोरखंडे गुंडाळली होती. गाडीपुढे हमद पायी चालत होते, गाडी त्यांच्या चालीनेच येत होती. हे मी स्वतः पाहिले. यासिरने वरूनच ओरडून सांगितले, "दादा, गाडी कडेला घ्या हो. उतारावर मला थांबता यायचं नाही."

कारखानीस म्हणाले, "अरे यल्ला यल्ला, दोन मिनिटं! असा बर्फ मस्कतला मिळतो का? आणि जरा मागेच थांब, फोटोत सिलिंडर येतायत."

हमद यांनी दोन्ही हात हलवून त्यांना बाजूला व्हायला सांगितले. कारखानीस यांनीही हात हलवला. मला वाटते, त्यांना तो नमस्कार वाटला.

दारासमोर येताच हमद घसरून पडले. त्यांना वाचवायला यासिरने गाडी डावीकडे घेतली. ती सड्याच्या जागेवरून सरकत खाली गेली आणि प्राडोवर आदळली. कारखानीस यांचा घोटा मोडला. हमद यांना खरचटले. यासिरला वळवायला माती मिळाली असती तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. माती तिथे नव्हती एवढे सांगू शकते.

यासिर बेदरकारपणे गाडी चालवत होता, अशी कारखानीस यांची तक्रार आहे. त्यामुळे यासिर कालपासून कोठडीत आहे. त्याचा परवाना गेला तर नोकरी जाईल आणि नोकरी गेली तर व्हिसा.

आज सकाळी कारखानीस यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतले. ते म्हणाले, "मॅडम, आपण मराठी माणसं. प्रेमाचं नाव कशाला मध्ये? बादली लवंडली म्हणा ना. तुमचं काय जातंय?"

मी विचारले, "आणि यासिर?"

"तो काय हो, ड्रायव्हर. त्याला कुठेही काम मिळेल. इन्शाल्ला."

यासिरही मराठीच बोलतो, हे त्यांनी काल स्वतः ऐकले होते. बादली लवंडली नाही. ती ओतली.

तक्रारदाराशी माझे वैर आहे का, असे साहेबांनी विचारले. वैर नाही. परवापर्यंत आमची ओळखही नव्हती. मात्र मला या दोघांबद्दल तिरस्कार वाटतो. त्यामुळे मी काही वाढवून सांगते आहे का, हे इथे येताना वाटेत तपासले. प्रेमाबाईंनी माती दोनदा झाडली, असे सांगण्याचे मनात होते. मी एकदाच पाहिले, म्हणून एकदाच सांगितले आहे.

हा जबाब कासमभाईंनी मला मराठीत परत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. "तिरस्कार वाटतो" हे वाक्य काढू का, तुमच्याच जबाबाला बाधेल, असे त्यांनी विचारले. राहू द्या, असे मी म्हणाले. खाली माझी सही आहे.

अश्लेषा मुकुंद पाटणकर