विहिरीचा पोशाख

सिन्नरची बस अजून लागली नव्हती. स्टँडवर वाट बघत बसलेल्या उज्ज्वलाच्या शेजारी बाकावर एक म्हातारी आणि दिंडोरीहून विहिरीची पूजा उरकून आलेली तिची सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर कापडाची पिशवी होती.

"छाया, माझा लेक वाळू विहिरीतल्या त्या भेगेत शिरलाच कशाला? पुन्यांदा सांग."

"आई, तिथं काळा दगड भिंतीसारखा उभा लागला व्हता. ते म्हणायचे, हा खालून तापून वर घुसलेला दगड. त्याच्या कडेनं खडक तडकतो, अन् त्या भेगेतच हिरवी गारगोटी धरती."

"मग सुरुंग लावायचा."

"सुरुंगानं चुरा होतो, अन् पैसे येत्यात ते अख्ख्या गारगोटीला. अख्खी निघावी म्हणून हातानं काढाय गेले, अन् वरची कड सुटली, ती त्यांना घेऊनच गेली."

"पाणी लागलं?"

"त्याच भेगेतून."

"गोड हाय?"

"विहिरीच्या मालकानं तांब्या पुढं केला. मी नाय प्याले."

"पिशवीत काय?"

"पोशाख. पाणी लागलं की विहीर खोदणाऱ्याला देत्यात ना, तो. मालकानं त्यांच्यासाठी आधीच शिवून ठेवलेला, अंदाजानं."

म्हातारीनं पिशवीतून सदरा काढून मांडीवर पसरला, हातानं सारखा केला.

"बाही लांब झाली गं. वाळूला मनगटाच्या वर लागती."