सातवी तार

रोफिक : गिटार घट्ट धरा काका, हलवू नका. जाडी, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा. पहिली तार जमली.

तुकिरान : कारखान्यातून निघते तेव्हा दहाच असते?

रोफिक : या मॉडेलला दहाच. दुसरी तेरा. तिसरी सतरा. काकू, चहा घ्या, गार होतोय.

मुर्तिनी : घेते. तुम्ही मोजा.

तुकिरान : मागचा नंबर नीट वाचलास ना? आमच्या विगातीच्या वेळचीच आहे?

रोफिक : त्याच महिन्यातली. पॉलिशला डाग पडला म्हणून परदेशी गेली नाही, इथंच सुराबायात विकली. आता गिऱ्हाइकानं तारा बदलायला माझ्या दुकानात टाकलीय. कारखान्यात सात तारांच्या बाकावर तेव्हा तुमची पोरगी एकटीच होती ना?

तुकिरान : एकटीच. तार ओढायची, खुंटीला वेढे द्यायची, गिटार पुढे सरकवायची. लाकडाला शंभर हात लागतात रे, तारेला तिचेच. साथीत गेली, तेव्हा इस्पितळानं परस्पर नेऊन पुरलं. आम्हाला लांबून पाटी दाखवली. ही म्हणते, त्या खड्ड्यात कोण आहे ते मला काय ठाऊक. अजून रडली नाही.

मुर्तिनी : रडायला काहीतरी हातात लागतं.

तुकिरान : म्हणून म्हटलं, तिच्या हातच्या तारा मिळाल्या तर त्या पुरू. तिथं फुलं तरी वाहता येतील.

रोफिक : चौथी सव्वीस. पाचवी छत्तीस. सहावी शेहेचाळीस. बरोबर.

तुकिरान : ऐकलंस? सहा जमल्या.

मुर्तिनी : सात आहेत.

रोफिक : काकू म्हणतात ते खरं. बाजारात सहा तारांचं पाकीट मिळतं, तेही याच मापाचं. त्यामुळे सहांवरून काही कळत नाही. सातवी सुटी घ्यावी लागते, आणि आमची बँडवाली पोरं ती जाडच घेतात. स्वतः रेड्यासारखी डुरकतात, मग गिटारही तशीच लागते. कारखान्याची सातवी असते एकोणसाठ.

(रोफिक सातवी तार दोन ठिकाणी मोजतो. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहतात.)

तुकिरान : बोल.

रोफिक : बासष्ट.

तुकिरान : गंज चढला असेल.

रोफिक : वाजवून तार झिजते काका, फुगत नाही.

तुकिरान : मग ही एकच तुटली असेल. बाकीच्या तिच्याच असतील.

रोफिक : तुटते ती पहिली, बारीक असते म्हणून. ही कशाला तुटतेय. आणि खुंट्या बघा. सातही ठिकाणचे वेढे एकाच हातचे. कसेतरी, एकावर एक चढलेले. असे वेढे तुमच्या पोरीनं घातले असते तर बाकावर टिकली असती का?

तुकिरान : नसती. तिचा हात नीट होता.

रोफिक : म्हणूनच म्हणतो.

तुकिरान : रोफिक, तू एकोणसाठ म्हण.

रोफिक : काकू समोर बसल्यात.

तुकिरान : तरी म्हण.

रोफिक : एकोणसाठ.

मुर्तिनी : राहू दे, बाळा. ज्याची आहे त्याला देऊन टाक. वाट बघत असेल.

तुकिरान : दुसरी शोधू. डाग पडून इथं राहिलेल्या आणखी असतीलच की.

रोफिक : गिटारी असतील, काका. तारा कोण जपून ठेवतो?

मुर्तिनी : चला, उठा. कारखान्याची सकाळची पाळी सुटेल आता.

तुकिरान : सुटू दे. त्यात आपलं कोण आहे?

मुर्तिनी : मुली सगळ्या एकदम फाटकाबाहेर येतात, डोक्याला एकाच रंगाचे रुमाल बांधून. काल माझी सगळ्यांची तोंडं बघून झाली नाहीत.