मीटरची तहान

गेवराईच्या बसस्थानकात त्रिंबक गुरुजींनी पुस्तकात तोंड खुपसलं होतं, पण कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथं मच्छी सोसायटीचे धोंडीराम आणि केसरबाई पाण्यातला प्राणवायू मोजायचं मीटर घेऊन बसले होते.

"वहिनी, तळ्यात प्राणवायू दोनच मिलिग्रॅम दावतंय. मासे मरायच्या आधी आज जाळं टाकायचं, बोटाएवढे का असंनात. उत्तरेश्वर जाळं घिऊन तळ्यावर थांबलाय."

"दोन असतं तर मासे वर येऊन तोंड वासत बसले असते, भाऊजी. एक तरी दिसला का?"

"न्हाई."

"मग मीटर खोटं बोलतंय. हवेत धरा. हवेत शंभर टक्के दावाय पाहिजे."

"साठ. म्हणून तर दुरुस्तीला नेतोय. पण तळ्यातलं दोन खरं निघालं तर?"

"टोपण बघू. आगं बया! आतला स्पंज पापडावानी वाळलाय. हा ओला ठिवायचा असतो!"

"आन् मी रोज पुसून उनात ठिवतोय! मान्सालाच टँकरचं पाणी, मीटरला कुठून पाजू?"

"चार थेंब लागत्यात हो. बाटली हाय का?"

"रिकामी हाय."

गुरुजी तीनदा कचरले. मग त्यांनी आपली बाटली पुढं केली. स्पंज भिजला, टोपण लागलं, आणि तिघंही आकड्याकडे बघत बसले.

"ब्याऐंशी... ब्याण्णव... अठ्ठ्याण्णव!"

"लावा फोन!"

"उत्तरेश्वर, जाळं थांबव! आमी येऊन परत मोजतो. न्हाई रं, मीटर बिघडलं न्हाई. तहानलं हुतं."

केसरबाईंनी बाटली परत दिली.

"बाबा, तुमची गाडी कुठली?"

"मघाशीच गेली," गुरुजी म्हणाले.