पेरू नावाचा देश

परभणीच्या स्टँडवर येलदरीच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिच्या गावच्या शाळेतल्या मॅडम बसल्या होत्या.

“मॅडम, पेरूला इंग्रजीत काय म्हन्तेत?”

“ग्वाव्हा म्हणतात, कस्तुराबाई. का हो?”

“मंग इंग्रजीत पेरू म्हन्जे?”

“तो देश आहे. पार दक्षिण अमेरिकेत.”

“तुमी बघितलाय का?”

“मी कशाला बघायला जाऊ? नकाशात आहे.”

“नकाशात काय, कुनीबी कायबी लिव्हतंय. फळाचं नाव कुनी देशाला ठेवतं का? उद्या सीताफळ नावाचा देश काढतेल.”

“उलटं आहे. त्या देशावरूनच आपल्या फळाला पेरू नाव पडलं, असं म्हणतात.”

“हसू नका मॅडम. जावई म्हन्ला, पेरूत नोकरी लागली. लेकीला, राजेश्रीला माझ्यापाशी सोडलं अन् गेला.”

“मग गेले असतील की! हल्ली लोक जातात.”

“गाडी जाती का तिथं?”

“विमानानं जावं लागतं. मध्ये मोठाले समुद्र आहेत.”

“आपल्याकडं दुपार असली की तिथं काय असतंय?”

“रात्र. सगळे झोपलेले असतात.”

“अन् बोलतेत काय? मराठी?”

“छे! स्पॅनिश.”

“मंग काल दुपारी त्याचा फोन आल्ता, तवा मागून कोन वरडायलं व्हतं?”

“काय ओरडत होतं?”

“‘चला येलदरी, येलदरी!’”