मुक्या सिनेमासाठी वाजवलेली घंटा

नाव: लेत्तेरिया, प्लाचिदो मान्गानारोची बायको. वय ३१. धंदा: वाळवलेला मासा भिजवून विकणे. राहणार: जोस्त्राची लाकडी वस्ती, मेस्सिना. नोव्हेंबर १९२४.

ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवरा आणि आई दोना नुन्त्सियाता यांच्यासह राहते. १९०८च्या भूकंपात घर गेले तेव्हापासून आम्ही या फळ्यांच्या खोलीत आहोत. पक्की घरे मिळणार होती, त्याबद्दल इथे बोलत नाही.

आमच्या वस्तीच्या चर्चची घंटा मयताला आणि लग्नाला सावकाश वाजते. खंड न पाडता वाजली, तर जमीन हलली असे समजून सगळ्यांनी बाहेर पळायचे. हे वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. उगाच कोणी तशी वाजवत नाही.

तुरीनहून आलेली कंपनी आमच्या भूकंपावर सिनेमा काढत आहे. काल सकाळी मी नळावर मासा धूत होते. आई दारासमोर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. तेवढ्यात घंटा खंड न पाडता वाजू लागली. लोक अंगावर होते तशा कपड्यांत बाहेर पळाले. शेजारीण कोन्चेत्ता बाळंतीण आहे, तीही पळाली. आई बाहेरच होती, तिला काही धोका नव्हता. ती शेंगा टाकून आत धावली.

भूकंपात मी आईचा हात धरून बाहेर पडले होते. धाकटा भाऊ तिंदारो आत झोपलेला राहिला. आई परत जात होती, तिला दोघा शेजाऱ्यांनी धरून ठेवले आणि मग घर कोसळले. काल तिला धरायला कोणी नव्हते.

मी पोचले तेव्हा आई खाटेखाली घुसून जमिनीच्या फळ्या नखांनी उचकटत होती. दारात कॅमेरा होता आणि एक माणूस त्याचा दांडा फिरवत होता. दिग्दर्शक बेर्तोल्दी म्हणाले, "आजीबाई, सगळे बाहेर पळतायत नि तुम्ही आत कुठे? चला, परत घेऊ या. वाजवा रे घंटा!"

मी म्हटले, "अहो, तुमचा सिनेमा मुका! त्यात घंटा ऐकणार कोण?"

ते म्हणाले, "बाई, घंटा प्रेक्षकांसाठी नाही, तुमच्यासाठी. चेहऱ्यावर खरी भीती हवी होती. काय सुंदर आली!"

त्यावर माझ्या हातातला मासा मी त्यांच्या पाठीत घातला, हे खरे आहे. मासा अजून भिजलेला नव्हता, लाकडासारखा कडक होता. लागला असेल. मला त्याचे वाईट वाटत नाही. कॅमेरा मी पाडला नाही. तो वस्तीने पाडला, नावे मला माहीत नाहीत.

माझी तक्रार अशी की, माझ्या आईचे चित्र असलेली पट्टी कापून माझ्या हातात द्यावी. मेलेले पोर शोधणारी आई लोकांनी तिकीट काढून बघायची, हे मी होऊ देणार नाही. आई कालपासून बाहेर आलेली नाही. हाक मारली की म्हणते, "थांब गं, तिंदारो सापडला की येते."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात साहेबांनी "किरकोळ गैरसमजातून" असे लिहिले होते, ते खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे. अंगठा कुठे लावायचा ते लवकर दाखवा, आई खाटेखाली एकटी आहे.