माळावरचं हलकं वारं

केदार: उतरा आता, दगडामावशी. चाकाची फळी काही जागची हलत नाही.

दगडाबाई: फळी हलत न्हाई का वारं हलत न्हाई? नीट सांगा.

केदार: वारा आहे, पण हलका. पतंग वर जातोय, पण तुम्हाला ओढण्याएवढा जोर नाही त्याच्यात. वाईट वाटून घेऊ नका.

दगडाबाई: वाईट कशापायी? बहात्तर किलोची हाय मी. एक किलो फुकटचा न्हाई त्यात. काल सरपंच बी फळीवर चढून गेलं म्हनं. त्यांना हलवलं का तुमच्या पतंगानं?

केदार: नाही. तेही तसेच उतरले.

दगडाबाई: मग बरं. वारं जात बघत न्हाई, एवढं तरी कळलं.

केदार: बघायलाच नको.

दगडाबाई: तुमी बी नका बघू. त्या कापडावर मोठ्या अक्षरात लिवलंय, शनवार-रविवार सर्वांसाठी खुलं. आमच्या बौद्धवस्तीत कोन आलं सांगाया? रस्त्यानं जाताना पतंग दिसला म्हनून आमी आलो.

केदार: मी ग्रामपंचायतीत पत्रकं दिली होती. सगळीकडे वाटा म्हणून सांगितलं होतं.

दगडाबाई: तितंच अडतं समदं. पुढच्या खेपेला सवता या. च्या बी मिळंल.

केदार: येईन. चुकलंच माझं.

दगडाबाई: चुकलं म्हनलात, लई झालं. हितं कुनाचं कधी चुकत न्हाई. पन मला एक सांगा, सुप्याच्या कंपनीत इंजनेर तुमी, आन् चाकाच्या फळीवर उभं राहून पतंगामागं पळायचं, हे खूळ आलं कुठून?

केदार: कंपनीनं जर्मनीला पाठवलं होतं. तिथे समुद्रकाठी पाहिलं. पतंग तिथूनच आणला, फळी नागापूरच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. म्हटलं, आपल्याकडे समुद्र नसेना, माळ तर आहे.

विमल: आक्का, चल की आता. ऊन चढलंय.

केदार: अरे, विमलमावशी! लगेच निघालात? काल तर दिवस मावळेपर्यंत दोऱ्या सोडत नव्हतात.

दगडाबाई: काल?

विमल: आक्का, वाटंनं बोलू.

दगडाबाई: काल तू दवाखान्यात वजन कराया गेल्तीस ना, विमले?

विमल: निघाले हुते तिकडंच.

केदार: सकाळपासून इथेच होत्या की. वारा इतका मंद, माणसं कंटाळून गेली. या एकट्या थांबल्या. जमिनीवर उभं राहून पतंग नुसता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मला फार बरं वाटलं. नाहीतर कालच गुंडाळून गेलो असतो.

दगडाबाई: साहेब, जरा गप बसा. विमले, सेहेचाळीस किलो भरलं म्हनालीस रातीला. ते कुनी सांगितलं? पतंगानं?

विमल: सेहेचाळीसच हाय.

केदार: सेहेचाळीस? अरेरे. मग आज नाही जमायचं. या वाऱ्यात चाळीस-एकेचाळीसचंच माणूस जाईल.

विमल: न्हाई तर न्हाई. चल आक्का.

दगडाबाई: थांब. हो उभी त्या फळीवर.

विमल: कशाला?

दगडाबाई: डॉक्टर काय म्हनला? पंचेचाळीस भरल्याबिगर कामाला न्यायची न्हाई. तू म्हनतीस भरलं. मग वारं तुला हलवनार न्हाई. न्हाई हललीस, तर उद्या सकाळी माज्या टोळीत, कांदे काढाया. हललीस, तर खोटं बोललीस. घरी बसायचं.

विमल: ती फळी काय वजनकाटा हाय का?

दगडाबाई: आज हाय.

केदार: अहो, हा खेळ आहे. काय चाललंय तुमचं?

दगडाबाई: हिला टीबी झाल्ता, साहेब. गोळ्या संपल्या, बरी झाली. पन अंगात काय उरलं न्हाई, आन् बाईला उद्याच पोती उचलायचीत. टोळीची मुकादम मी. बांधावर पडली बिडली तर?

विमल: पडनार न्हाई मी.

दगडाबाई: चढ मग.

केदार: बरं, या. डावा पाय पुढे. पट्ट्यात घाला. गुडघे थोडे वाकवा. मागून कमरेचा पट्टा धरायला एक वजनदार माणूस लागतं, म्हणजे तोल गेला तर...

दगडाबाई: मी हाय की. पायजे तेवढं वजन घ्या.

केदार: घट्ट धरा. विमलमावशी, कालचंच सगळं. पतंग डोक्यावर गप्प उभा राहिला की ओढ मरते. खाली आणून फिरवत राहिलात की ओढ येते. घ्या दोऱ्या.

विमल: घेतल्या.

केदार: उचलतोय पतंग. गेला! वा. आता आणा खाली.

दगडाबाई: कुठं काय हलतंय?

केदार: फिरवा ना, मावशी. डोक्यावरच धरून ठेवलाय तुम्ही.

दगडाबाई: हलंना. बघा साहेब, एक बोटभर हलंना. विमले, खरं बोललीस गं! मी उगा संशव घेतला. उतर, झालं. उद्या येळंवर ये. इळा घेऊन ये तुजा.

केदार: अहो, पण पतंग फिरवलाच नाही त्यांनी.

दगडाबाई: राहू द्या. उतर, विमल.

विमल: आक्का.

दगडाबाई: काय?

विमल: पट्टा घट धर.

केदार: हां! असा! आला खाली, आला... आता उजवीकडे!

दगडाबाई: अगं! अगं अगं! थांबीव!

केदार: नका थांबवू! परत डावीकडे! वाका मागे, मागे रेला! पळा दगडामावशी, पळा!

दगडाबाई: पळते की! हिच्या... विमले, थांब की गं भवाने!

विमल: थांबंना आक्का! वढतंय!

केदार: फिरवत राहा! सुंदर! बाभळीच्या अलीकडे पतंग वर घ्या. वर! बास, बास!

(फळी बाभळीपाशी थांबते. केदार पतंग उतरवायला पुढे जातो. दगडाबाईच्या हातात पट्टा अजून तसाच.)

दगडाबाई: किती?

विमल: काय किती?

दगडाबाई: वजन. खरं बोल. मला... मला जास्त बोलाया लावू नको.

विमल: एकेचाळीस. गेल्या टायमाचं.

दगडाबाई: आन् पतंग वर धरून उभी ऱ्हायली असतीस, तर उद्या कामावर हुतीस. तुला ठावं हुतं ते.

विमल: हुतं. काल दिवसभर तेच तर शिकले.

दगडाबाई: मग फिरवलास कशाला? येडी हाईस का?

विमल: तू म्हनालीस, खरं बोललीस गं. ते ऐकवंना.

दगडाबाई: रातीला खोटं बोलताना बरं बोलवलं.

विमल: बोलवलं. घरी बसून बसून जीव आंबलाय, आक्का. तुज्या चुलीवरचं कितीक दिस खायाचं मी? पन तू माज्या पाठीला धरून उभी, आन् खूश झालीस. सख्खा भाऊ माजा, सहादेव, दारातनं मागं फिरला. लेकीला राहात्याच्या सासरच्यांनी येऊ दिलं न्हाई. तू रोज यायचीस. गोळी गिळली का न्हाई ते बघाया जीभ काढाया लावायचीस, ल्हान पोरासारखी.

दगडाबाई: तू थुकायचीस गोळी. दोनदा धरली मी.

विमल: धरलीस म्हनून जगले. तुला फसवून तुज्याच टोळीत कशी येऊ?

दगडाबाई: उपकार-बिपकार म्हनशील तर मुस्काट फोडीन. जन्मभर उपकार ऐकलेत आपन. त्यांनी पानी वाढलं, उपकार. त्यांनी काम दिलं, उपकार. मी तसलं काय केलेलं न्हाई.

विमल: मी कुठं म्हनले? मला तसं म्हनायचं बी न्हाई. मला बरं वाटलं, एवढंच सांगते. मानूस बरं वाटलं तर सांगत न्हाई का?

दगडाबाई: सांग मग. सांगाया काय हरकत न्हाई.

विमल: आजार झाल्यापास्नं जो तो मला ढकलायचा. कपबशी लांब, चटई लांब. ह्या पतंगानं वढलं मला. काल पयल्यांदा. म्हनून दवाखाना राहिला.

दगडाबाई: विमले.

विमल: मारनार का काय?

दगडाबाई: तू खोकली न्हाईस.

विमल: अं?

दगडाबाई: एवढं अंतर आलीस. वरडत आलीस. मला बोलवंना झालंय, आन् तू मघापास्नं एकसारखी बोलायलीस. दम लागला का?

विमल: न्हाई.

दगडाबाई: छातीत काय दुखतंय?

विमल: काय बी न्हाई. हात तेवढं भरून आलेत.

दगडाबाई: आन् मी किलो मोजत बसले. उद्या आधी दवाखाना. मी येते संगट, तुज्यावर इस्वास न्हाई. डॉक्टर व्हय म्हनला, तर परवापास्नं टोळीत. बसून पात कापायची. पोत्याला हात लावलास तर बघ.

विमल: बाकीच्या बाया बोलतील. हिलाच का बसायचं काम म्हनतील.

दगडाबाई: बोलू दे. त्यांना म्हनावं, आधी बाभळीपतूर जाऊन दावा.

केदार: विमलमावशी, ऐका. दोन दिवसांत एवढी माणसं आली, पण या वाऱ्यात फळीवरून गेलेल्या तुम्ही एकट्या. मी मनापासून आभारी आहे तुमचा.

विमल: तुमी कशापायी? फळी तुमची, पतंग तुमचा. आभार मी मानायचं तर तुमी मानताय, साहेब.

केदार: मग दोघांनीही मानू. आणि साहेब नको, केदार म्हणा. परत जायचं का एकदा? वारा टिकलाय अजून.

दगडाबाई: हिला न्या. मला न्हाई जमायचं आता. धाप लागलीय. हात दे, विमले.

केदार: जाताय ना, मावशी? पतंग उचलू?

विमल: थांबा जरा. आक्का, टेक हितं बाभळीला. सावकाश. पानी पी. बोलू नको आता, मी हाय.